मंगळावरची नावनोंदणी

जन्माच्या नोंदवहीत बाळाच्या नावाचा रकाना बहुतेक वेळा कोराच येतो. दवाखान्यातून एकवीस दिवसांच्या आत जन्माची खबर येते. तारीख, वेळ, आईवडिलांची नावं, पत्ता, सगळं भरलेलं असतं आणि नावाच्या जागी आडवी रेघ. मग यथावकाश बारसं होतं, कुठल्यातरी आत्याच्या मनातलं नाव ठरतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी थेट शाळाप्रवेशाच्या घाईत, घरची माणसं आमच्या टेबलाशी येऊन उभी राहतात. कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत हे चालतं. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात लिपिक म्हणून नोकरी केल्यामुळे हा क्रम माझ्या अंगवळणी पडलेला होता. आधी जीव सुखरूप हाती लागू दे, नावाचं मागाहून बघू.

परग्रहांवर जाणाऱ्या यंत्रांचं उलटं असतं. तिथे नाव आधी ठेवतात. यंत्र अजून पृथ्वीवरच असतं, त्याच्या चाकांच्या आणि कॅमेऱ्यांच्या चाचण्या चाललेल्या असतात आणि त्याचं नाव जगभर छापून येतं. ते मंगळावर नीट टेकेल की आपटून फुटेल, याची खात्री ज्यांनी ते बांधलं त्यांनाही नसते. हे ध्यानात आल्यापासून मला या नावांचा नाद लागला. निवृत्तीनंतर वेळ भरपूर आणि नातीकडे इंटरनेट भरपूर, त्यामुळे तो वाढतच गेला.

आमच्या नोंदवहीच्या सगळ्यात जवळ जाणारी पद्धत सोव्हिएत रशियाची. यान पृथ्वीची कक्षा सोडून मंगळाच्या वाटेला लागलं, की मग त्याला ‘मार्स’ हे नाव आणि पुढचा आकडा मिळायचा. पृथ्वीभोवतीच अडकून पडलं तर ‘कॉसमॉस’ या सरसकट मालिकेतला एक क्रमांक त्याला लावायचा, आणि ते कुठे निघालं होतं याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मे १९७१ मध्ये सोडलेलं एक मंगळयान असंच ‘कॉसमॉस ४१९’ होऊन गेलं. त्याच्या रॉकेटचा वरचा टप्पा दीड तासाने पेटायला हवा होता, पण घड्याळात दीड वर्ष भरलं गेलं होतं. त्याच महिन्यात निघालेलं ‘मार्स ३’ मात्र २ डिसेंबर १९७१ रोजी मंगळावर उतरलं. न फुटता मंगळावर टेकलेलं ते पहिलं यंत्र. दोन मिनिटांच्या आत तेही मुकं झालं. कारण आजवर पक्कं सांगता आलेलं नाही, पण ते उतरलं तेव्हा सगळ्या ग्रहावर धुळीचं वादळ चाललं होतं.

अमेरिकेने नावं उघडपणे ठेवली आणि अपयश आलं तेही उघडपणे सोसलं. नासामध्ये १९६०च्या सुमारास एडगर कोर्टराइट या अधिकाऱ्याने सुचवलं की, ग्रहांकडे जाणाऱ्या यानांना दर्यावर्दी वळणाची नावं द्यावीत, म्हणजे दूरदेशीच्या प्रवासाचा भास होईल. त्यातून मरिनर आलं, व्हायकिंग आलं. ही नावं साहेबांनी दालनात बसून ठरवलेली. भारदस्त होती, पण त्यांत कुणाचा जीव अडकलेला नव्हता.

मला खरं कुतूहल वाटतं ते १९९९ सालच्या दोन नावांचं. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला निघालेल्या ‘मार्स पोलर लँडर’सोबत दोन छोटी यंत्रं होती. त्यांना ना पॅराशूट होतं ना रॉकेटं. वरून सुटायचं आणि सरळ जमिनीत घुसायचं, एवढंच त्यांचं काम. नावांसाठी स्पर्धा झाली आणि उतरायला जेमतेम काही आठवडे उरले असताना निकाल लागला : अमुंडसेन आणि स्कॉट. पृथ्वीच्या दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला आणि दुसरा पोचलेला. कागदावर झकास दिसतं. पण स्कॉट परतीच्या वाटेवर १९१२ मध्ये बर्फातच गेला, आणि अमुंडसेन १९२८ मध्ये दुसऱ्यांच्या शोधात उत्तर ध्रुवाकडे उडाला तो विमानासकट नाहीसा झाला. ३ डिसेंबर १९९९ रोजी लँडर गप्प झालं, आणि ही दोन्ही यंत्रंही. पुन्हा एक शब्द ऐकू आला नाही. नावांचा आणि अपघाताचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. तरी तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी चष्म्यावरून बघत म्हटलं असतं, “दुसरं काही सुचतंय का बघा की.”

त्या अपघाताने एक मोहीम रद्दच झाली. २००१ साली जायचं असलेलं लँडर बऱ्यापैकी तयार असूनही कोठारात पडून राहिलं. पुढे अॅरिझोना विद्यापीठाच्या पीटर स्मिथ यांनी तेच बाहेर काढलं, हरवलेल्या पोलर लँडरवरच्या उपकरणांच्या सुधारित जोड्या त्यावर चढवल्या आणि नाव दिलं फिनिक्स, आपल्याच राखेतून उठणारा पक्षी. इतकं खरं बोलणारं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही, कारण राख कुठली ते सगळ्यांना ठाऊक होतं. २५ मे २००८ ला, आपल्याकडे २६ची पहाट होत असताना, फिनिक्स उतरलं. त्या वेळी मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या एका यानाने पॅराशूटला लटकलेल्या फिनिक्सचा फोटो काढला. एक यंत्र परग्रहावर उतरतंय आणि दुसरं ते टिपतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढच्या महिन्यात फिनिक्सने खणलेल्या चरातले पांढरे खडे चार दिवसांत उडून गेले. मीठ असं उडून जात नाही. म्हणजे ते पाण्याचं बर्फ होतं.

पण सर्वसामान्यांच्या तोंडी बसलेली नावं शास्त्रज्ञांनी दिलेली नाहीत. ती शाळकरी पोरांनी दिली.

सुरुवात सोजर्नरपासून झाली. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेली ही साडेदहा किलोंची सहाचाकी गाडी. नावाच्या स्पर्धेची अटच अशी होती की, मुलांनी एखादी कर्तबगार स्त्री निवडायची आणि तिचंच नाव का, यावर निबंध लिहायचा. साडेतीन हजार निबंध आले. कनेटिकट राज्यातल्या व्हॅलेरी अम्ब्रॉइज या बारा वर्षांच्या मुलीने सोजर्नर ट्रूथचं नाव सुचवलं. गुलामीत जन्मलेली ही बाई सुटका झाल्यावर गावोगाव फिरून गुलामगिरीविरुद्ध बोलत राहिली, आणि ते नावही तिने स्वतःच स्वतःला घेतलेलं होतं. दुसऱ्या क्रमांकावर मेरी क्युरी होती. ते नाव सोजर्नरच्या जुळ्या गाडीला मिळालं. काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून बांधलेली ती गाडी पृथ्वीवरच राहिली. मेरी क्युरीच्या वाट्याला आलेलं हे राखीव बाकडं मला पटलेलं नाही, पण मला विचारलं कोणी?

२००३ मध्ये दोन गाड्या एकदम निघायच्या होत्या. जवळजवळ दहा हजार मुलांनी नावं पाठवली. निवडली गेली ती अॅरिझोनातल्या सोफी कॉलिस या नऊ वर्षांच्या मुलीची. तिचा जन्म सायबेरियातला आणि पहिली वर्षं अनाथाश्रमात गेलेली. अंधार, थंडी आणि एकटेपणा असलेल्या त्या जागेत रात्री चमचमतं आकाश पाहिलं की बरं वाटायचं, असं तिने चार ओळींत लिहिलं होतं, आणि शेवटी दोन गोष्टींबद्दल आभार मानले होते. त्या दोन गोष्टी म्हणजेच गाड्यांची नावं झाली, स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. नव्वद दिवस चालल्या तरी पैसे वसूल, अशा हिशेबाने त्या पाठवल्या होत्या. ऑपॉर्च्युनिटी जून २०१८ पर्यंत बोलत राहिली आणि पंचेचाळीस किलोमीटर चालली. पुढे २००९ मध्ये क्युरिऑसिटीचं नाव कॅन्ससमधल्या सहावीतल्या क्लारा मा हिने दिलं. तिला गाडी बांधत होते तिथे नेऊन गाडीच्या धातूवर सही करू दिली. ती सही आज मंगळावर आहे.

माझ्यातल्या लिपिकाला सगळ्यात आवडलेली फाइल मात्र पर्सिव्हिअरन्स या गाडीची. अमेरिकेतल्या पहिलीच्या आधीपासून बारावीपर्यंतच्या मुलांकडून अर्ज मागवले. निबंध दीडशे शब्दांच्या आत. अठ्ठावीस हजार आले. ते वाचायला शिक्षक, अभियंते आणि हौशी मंडळी मिळून सुमारे चार हजार सातशे स्वयंसेवक नेमले. त्यांनी चाळून एकशे पंचावन्न काढले, त्यातून नऊ. ते नऊ लोकांपुढे मतदानाला ठेवले, तेव्हा सात लाख सत्तर हजारांहून जास्त मतं पडली. आणि एवढं सगळं करून मतदानाचा कौल बंधनकारक नव्हता! शेवटचा शब्द नासाच्या विज्ञान विभागाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस झुरबुकेन यांचा.

ही पळवाट ठेवण्यामागे अनुभव आहे. २००९ मध्ये अवकाश स्थानकाच्या एका नव्या खोलीसाठी नासाने असंच मतदान घेतलं होतं. स्टीफन कोल्बर्ट या टीव्हीवरच्या विनोदवीराने आपल्या प्रेक्षकांना चिथावलं आणि त्याचंच नाव दोन लाख तीस हजार मतांनी पहिलं आलं. नासाने खोलीला ‘ट्रँक्विलिटी’ म्हटलं आणि अंतराळवीरांच्या पळण्याच्या पट्ट्याला कोल्बर्टचं नाव देऊन त्याचीही मर्जी राखली. आपल्याकडच्या चौकांच्या नामकरणात असा समजूतदारपणा दिसला तर किती मोर्चे वाचतील.

५ मार्च २०२० रोजी निकाल जाहीर झाला. व्हर्जिनियातल्या सातवीतल्या अलेक्झांडर मॅथर या मुलाने लिहिलं होतं, त्याचा आशय असा : आधीच्या यानांची नावं बघा, कुतूहल, अंतर्दृष्टी, उमेद, संधी, सगळे माणसाचेच गुण आहेत, पण त्यातला सगळ्यात मोठा राहून गेला, तो म्हणजे चिकाटी. त्या नावाची टायटॅनियमची पट्टी करून गाडीच्या यांत्रिक हातावर बसवली. ती नुसती शोभेची नाही, उडणाऱ्या खड्यांपासून हातातल्या वायरींचं रक्षण करते. अंतिम नवांमधलं ‘इन्जेन्युइटी’ हे नावही वाया गेलं नाही. ते अलाबामातल्या वनीझा रूपानी या अकरावीतल्या मुलीचं. गाडीच्या पोटाशी बांधून नेलेल्या छोट्या हेलिकॉप्टरला ते देण्यात आलं. निकालानंतर आठवडाभरात जगाने कोरोनाची महामारी जाहीर झालेली ऐकली. चिकाटी या शब्दाला असा मुहूर्त कुणी मागितला नव्हता.

आणखी एक यादी या गाडीवर आहे. नासाने कुणालाही आपलं नाव फुकट पाठवायची मुभा दिली होती. १,०९,३२,२९५ नावं जमली. ती इलेक्ट्रॉन किरणांनी तीन चिपांवर कोरली. चिप बोटाच्या नखाएवढी आणि अक्षराची रेघ केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. नातीने स्वतःचं नाव भरलं, मग मला विचारलं. मी माझ्या आईचं भरायला सांगितलं. आईच्या जन्माची नोंद कुठेच झालेली नव्हती. रेशनकार्डावर होती तीही ‘अमक्याची पत्नी’ म्हणून.

गाडी ३० जुलै २०२० ला निघाली. उतरायचा दिवस होता १८ फेब्रुवारी २०२१, म्हणजे आपल्याकडे १९च्या मध्यरात्रीनंतर दोन-सव्वादोन वाजता. शिवजयंती होती, पण कोरोनामुळे मिरवणुकांना परवानगी नव्हती आणि गल्ली चिडीचूप. टीव्हीला मोबाइल जोडून आम्ही दोघी बसलो. पडद्यावर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावची जेपीएल ही संस्था. मास्क लावलेली, एकमेकांपासून लांब बसलेली माणसं, समोर शेंगदाण्याच्या बरण्या. शेंगदाण्यांचीही एक परंपरा आहे. चंद्रासाठीच्या रेंजर मालिकेतली पहिली सहा यानं ओळीने फसली. १९६४ मध्ये सातव्याच्या वेळी कुणीतरी खोलीत शेंगदाणे वाटले आणि ते यशस्वी झालं. तेव्हापासून शेंगदाण्यांशिवाय तिथे कुणी यान उतरवत नाही. विज्ञानवाद्यांनी आमच्या लिंबू-मिरचीला हसताना ही बरणी आठवावी.

बोलत होत्या स्वाती मोहन. कपाळावर टिकली, कानाला हेडफोन. यानाचं दिशादर्शन आणि नियंत्रण सांभाळणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. जन्म बंगळूरचा, वर्षाच्या असताना अमेरिकेत गेलेल्या. “त्या पोराला शिकवत असल्यासारख्या बोलतात,” असं नात म्हणाली, आणि ते खरंच होतं. एकेक टप्पा आला की सांगायच्या, शब्द कमी आणि आवाज न चढवता.

मंगळावर उतरणं अवघड का, ते समजून घेतलं की ती रात्र समजते. मंगळाला हवा आहे, पण आपल्या हवेच्या शंभराव्या भागाइतकी विरळ. तेवढी हवा ताशी साडेएकोणीस हजार किलोमीटर वेगाने घुसणाऱ्या यानाला भाजून काढायला पुरते, पण थांबवायला पुरत नाही. म्हणजे चंद्रावरच्यासारखं नुसत्या रॉकेटांवर उतरायची सोय नाही आणि पृथ्वीवरच्यासारखं नुसत्या पॅराशूटवर भागत नाही. सगळं थोडं थोडं लागतं, आणि एकामागून एक, वेळ न चुकता. आधी उष्णतारोधक ढाल, तिच्यावर तेराशे अंश तापमान. चार मिनिटांनी साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट, तेही यान आवाजाहून जास्त वेगात असताना उघडायचं. मग ढाल फेकून द्यायची आणि खाली बघायला कॅमेरे मोकळे करायचे.

या ठिकाणी पर्सिव्हिअरन्सकडे एक नवी गोष्ट होती. जेझेरो हे विवर शास्त्रज्ञांना हवं होतं, कारण तिथे एके काळी तळं होतं आणि त्याला मिळणाऱ्या नदीचा त्रिभुज प्रदेश आजही दिसतो. जीवसृष्टीच्या खुणा शोधायच्या तर अशाच गाळात. पण तिथे कडे, दगडगोटे, वाळूचे ढीग, म्हणजे उतरणाऱ्याने टाळावी अशी सगळी लक्षणं. म्हणून यानाला आधीच नकाशा शिकवून ठेवला होता. खाली येता येता ते जमिनीचे फोटो काढत होतं, नकाशाशी ताडून बघत होतं आणि आपण नेमके कुठे आहोत, कुठे टेकायचं, हे स्वतःच ठरवत होतं.

स्वतःच, कारण विचारायला वेळ नसतो. त्या दिवशी मंगळाहून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोचायला अकरा मिनिटं बावीस सेकंद लागत होती, आणि हवेत शिरण्यापासून जमिनीवर टेकण्यापर्यंतचा सगळा खेळ सात मिनिटांचा. यान वातावरणात शिरल्याचं स्वाती मोहन यांनी सांगितलं, तेव्हा मी नातीला हे गणित समजावून सांगत होते. ती मध्येच थांबली.

“आजी, म्हणजे आत्ता ते खाली पोचलंसुद्धा?”

“पोचलं, नाहीतर आपटलं.”

“आणि आपण अजून घाबरतोय!”

मग पॅराशूट उघडल्याचं कळलं. जेपीएलच्या खोलीत टाळ्या, पण आखडत्या. शेवटचा टप्पा राहिला होता आणि तो कुणालाही खुळेपणाचा वाटावा असाच आहे. दोन किलोमीटर उंचीवर यान पॅराशूट सोडून देतं आणि आठ रॉकेटांवर तोललं जातं. जमिनीपासून वीस मीटरवर ही रॉकेटवाली चौकट जवळजवळ तरंगत राहते आणि पोटाखालची टनभर वजनाची गाडी नायलॉनच्या दोरांवरून खाली सोडते. चाकं टेकली की दोर कापले जातात आणि चौकट लांब जाऊन आपटून घेते. तिला नाव नाही. सगळ्यात कठीण काम करून जी मुद्दाम मरते तिचं बारसं कुणी केलं नाही, हे मला अजून खटकतं.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी स्वाती मोहन यांनी गाडी मंगळाच्या पृष्ठभागावर सुखरूप टेकल्याचं सांगितलं. मोहिमेचं कागदोपत्री नाव ‘मार्स २०२०’, पण त्या वाक्यात त्यांनी उच्चारलं ते सातवीतल्या पोराने दिलेलंच नाव. खोलीतली माणसं उठून नाचायला लागली. मिठ्या मारायला बंदी होती, त्यामुळे हात हवेतच राहिले. काही मिनिटांत पहिला फोटो आला. कृष्णधवल, कॅमेऱ्याच्या झाकणावर धूळ, आणि जमिनीवर गाडीची सावली. नात त्याच रात्री तिला ‘पर्सी’ म्हणू लागली. तिकडचे अभियंतेही तेच म्हणत होते, असं मागाहून कळलं.

चारेक दिवसांनी उतरण्याची चित्रफीत आली. पॅराशूटवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची विचित्र नक्षी होती. इयन क्लार्क या अभियंत्याने त्यात सांकेतिक भाषेत जेपीएलचं बोधवाक्य आणि संस्थेचे अक्षांश-रेखांश विणून ठेवले होते. जगभरच्या उद्योगी लोकांनी ते काही तासांत फोडलं. मी ती नक्षी बराच वेळ बघूनही मला ती छत्रीच दिसली.

उतरून झाल्यावर आणखी एक नाव देतात, ते जागेचं. पर्सिव्हिअरन्स टेकली त्या जागेला विज्ञानकथा लिहिणाऱ्या ऑक्टेव्हिया बटलरचं नाव दिलं, क्युरिऑसिटीच्या जागेला रे ब्रॅडबरीचं. स्पिरिटचं ठिकाण कोलंबिया यानातल्या अंतराळवीरांच्या स्मृतीला, ऑपॉर्च्युनिटीचं चॅलेंजरमधल्यांच्या. म्हणजे यंत्राचं नाव मुलांनी दिलेलं आणि जागेचं नाव गेलेल्या माणसांचं. माझ्या टेबलावर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही वह्या शेजारी शेजारी असायच्या, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

यातलं एक नाव आपल्या हिमालयातून गेलेलं आहे. १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग-१ च्या छायाचित्रण गटाचे प्रमुख थॉमस मच हे भूशास्त्रज्ञ होते आणि गिर्यारोहकही. ऑक्टोबर १९८० मध्ये ते लडाखच्या बाजूचं नून शिखर चढले आणि उतरताना नाहीसे झाले. काही महिन्यांनी नासाने मंगळावरच्या त्या यंत्राला त्यांचं नाव दिलं. तेव्हा ते यंत्र चालू होतं, पुढे १९८२ पर्यंत चाललं. नावाची एक पाटीही केली आहे. ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवली आहे, कुणी मंगळावर जाईल त्याने यंत्रावर बसवावी म्हणून.

ही जागांची नावं नासाची घरगुती. अधिकृत नोंदवही आंतरराष्ट्रीय खगोल संघाकडे असते आणि तिचे नियम आमच्यापेक्षा कडक. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं द्यायची, लोकसंख्या लाखाच्या आत असलेल्या. जेझेरो हे बोस्नियातलं असंच एक गाव. या यादीत भोर आहे. आणि पूनाही आहे, इंग्रजांच्या स्पेलिंगसकट. लाखाच्या नियमात ते कसं बसवलं, हे पुणेकरांनी विचारायला जाऊ नये, नाव कापलं जायचं.

चीनने २०२१ मध्ये उतरवलेल्या गाडीला अग्निदेवतेचं झूरोंग हे नाव दिलं, तेही यान मंगळाभोवती फिरत असताना, उतरायला तीन आठवडे उरले तेव्हा. थोडी रशियाची सावधगिरी, थोडा अमेरिकेचा उघडेपणा.

आपलं वळण याहून वेगळं निघालं. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं लँडर चंद्रावर आपटलं. त्याचं नाव विक्रम, विक्रम साराभाईंवरून. चार वर्षांनी दुसरं लँडर गेलं तेव्हा मला वाटलं होतं की नाव बदलतील, अपशकुनी म्हणून. नाही बदललं. तेच विक्रम, आतली गाडी तीच प्रज्ञान, आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते उतरलं. मागाहून उतरलेल्या जागेला ‘शिवशक्ती’ म्हटलं आणि पहिलं विक्रम जिथे आपटलं होतं त्या जागेलाही नाव दिलं, ‘तिरंगा’. अपयशाच्या जागेला असं झेंड्याचं नाव द्यायला धाडस लागतं. ‘कॉसमॉस ४१९’ म्हणणाऱ्यांना ते झालं नसतं.

सध्या माझं लक्ष युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन या गाडीकडे आहे. डीएनएची रचना उलगडण्यात जिच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा वाटा होता आणि जी सदतिसाव्या वर्षी गेली, तिचं नाव छत्तीस हजार सूचनांमधून निवडलं. गाडी मंगळाच्या मातीत दोन मीटर खोल खणणार आहे, आजवर कुणी गेलं नाही इतकं. नाव फेब्रुवारी २०१९ मध्ये ठेवलं. २०२० चं उड्डाण पॅराशूटच्या चाचण्या नीट न झाल्याने हुकलं. २०२२ चं युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे, कारण रॉकेट आणि उतरण्याचा चौथरा रशियाचा होता. आता २०२८ म्हणतात. ज्या महिन्यात हे नाव ठेवलं त्या महिन्यात आमच्याकडे जन्माची नोंद झालेलं पोर तोवर चौथीत गेलेलं असेल. त्याच्या नावाचा रकाना एव्हाना भरला असावा, अशी आशा आहे.